वाढीचे माप

आपल्या भाषेत 'वाढणे' या शब्दाइतका भाग्यवान शब्द क्वचितच सापडेल. आई पानात वाढते, मूल अंगाने वाढते, वेल मांडवावर वाढते, वंश वाढतो, आणि दरसाल येणाऱ्या जन्मदिवसालाही आपण वाढदिवसच म्हणतो. इतकेच काय, जेथे काही मोडते-फुटते तेथेही अशुभ उच्चारायला नको म्हणून आपण याच शब्दाचा आडोसा घेतो. देवापुढे नारळ फोडायचा नसतो, तो वाढवायचा असतो. सुवासिनीच्या हातातली काकणे फुटत नाहीत, ती वाढतात. दिवाळीच्या दिवसांत थोरांच्या तोंडून निघणाऱ्या आशीर्वादांत तर ही वाढ कोठे ना कोठे असतेच. वाढ म्हणजे शुभ आणि वाढ खुंटणे म्हणजे अशुभ, असे समीकरण आपल्या मनात लहानपणापासून पक्के बसलेले असते.

आणि मग एखाद्या घरात एक कागद येतो. पोटातल्या गाठीचा तुकडा तपासून आलेला तो अहवाल असतो आणि त्यात वाढीचाच आकडा लिहिलेला असतो: शंभरांतल्या अमुक इतक्या पेशी वाढीला लागलेल्या आहेत. घरातली सगळी माणसे त्या आकड्याभोवती गोळा होतात. थोरला मुलगा मोबाइलवर शोधू लागतो, सून डॉक्टर झालेल्या मामेभावाला फोन लावते, आणि ज्यांच्या पोटातली ती गाठ, त्या वडिलांना आतल्या खोलीत "काही विशेष नाही, अप्पा" असे सांगितले जाते. हा आकडा चांगला की वाईट, आणि ज्याचा तो आहे त्याला तो सांगावा की सांगू नये, असे दोन प्रश्न त्या घरापुढे उभे राहतात. वरवर पाहता पहिला प्रश्न शास्त्राचा आणि दुसरा नीतीचा. माझे म्हणणे असे की हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आकडा म्हणजे काय हे उमगल्यावाचून तो सांगायचा कसा हे ठरवता येत नाही. तेव्हा आधी आकड्याकडे वळू.

प्रथम निरोगी पोटच पाहावे. लहान आतड्याला आतून मखमलीसारखे अस्तर असते. त्या अस्तरातील असंख्य बारीक खळग्यांच्या तळाशी पेशी सतत दुभंगत असतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, वर गेलेल्या पेशी अन्नरस शोषण्याचे काम करतात, आणि शेवटी टोकाशी पोचून गळून पडतात. माणसात हा सारा प्रवास साधारण तीन ते पाच दिवसांत पुरा होतो. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील लब्लाँ आणि स्टीव्हन्स यांनी १९४८ साली पांढऱ्या उंदरांच्या आतड्यात हे अखंड नूतनीकरण दाखवून दिले. म्हणजे वसुबारसेला ज्या अस्तराने पहिल्या चकलीचे स्वागत केले, त्यातले बहुतेक भाऊबीजेच्या ओवाळणीपर्यंत शिल्लकच राहत नाही. आपण तेच राहतो, पोट मात्र नवे झालेले असते.

आता गंमत अशी की या खळग्यांच्या खालच्या भागातील पेशी मोजल्या तर त्यांतल्या बहुसंख्य वाढीच्या फेऱ्यात सापडतात. उलट आतड्यात किंवा स्वादुपिंडात होणाऱ्या काही मंद गाठींत शंभरांत दोनच पेशी वाढत असतात. नुसत्या वाढीलाच अपराध ठरवायचे म्हटले तर अपराधी निरोगी आतडे ठरेल आणि गाठ निर्दोष सुटेल! तेव्हा खोट वाढीत नाही. ती आहे जमाखर्चात. निरोगी आतड्यात जितक्या पेशी जन्मतात तितक्याच गळतात; दिवस संपताना वही मिटवावी तर बाकी शून्य. गाठीत ही वही जुळत नाही. इंग्लंडमधील गॉर्डन स्टील यांनी १९६७ साली हा हिशेब मांडला, तेव्हा असे दिसून आले की अनेक गाठींत नव्या पेशींपैकी फार मोठा भाग मरूनही जातो, आणि मागे राहिलेल्या थोडक्या शिलकीवर गाठ मोठी होत राहते. जन्म आणि मरण यांचा एकमेकांशी जो करार असतो तो तेथे मोडलेला असतो.

ही वाढ मोजण्याची विद्या कशी आली, तीही कथा ऐकण्यासारखी आहे. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर कील नावाचे बंदराचे शहर आहे. तेथील विद्यापीठात वाल्टर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने रंग दिलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळल्या, आणि पेशी दुभंगताना तिच्या केंद्रकात धाग्यांची कशी हालचाल होते ते १८८२ सालच्या आपल्या ग्रंथात वर्णन केले. धाग्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून या क्रियेला 'मायटोसिस' हे नाव त्यानेच दिले. पुढे गाठीच्या तुकड्यात अशा दुभंगणाऱ्या पेशी किती दिसतात हे मोजण्याचा प्रघात पडला, आणि तो आजही आहे.

परंतु या मोजणीत एक अडचण होती. दुभंगण्याचा तो देखावा तासाभरात आटोपतो; त्याआधीची तयारी मात्र कितीतरी वेळ चाललेली असते. लग्नघरी अक्षता पडतात तो क्षण थोडका, पण तयारी महिनाभराची. ज्या मांडवात नेमक्या आत्ता अक्षता पडत आहेत तेवढेच मोजले तर गावात एकूण किती लगीनघाई चालली आहे याचा अंदाज कसा यावा? अॅल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५३ साली एका शेंगेच्या रोपाच्या मुळांवर प्रयोग करून या तयारीचे टप्पे उलगडून दाखवले. पुढे किरणोत्सारी द्रव्ये वापरून तयारीतल्या पेशी हेरता येऊ लागल्या. पण त्यासाठी ते द्रव्य जिवंत पेशींत घालावे लागे, आणि रुग्णालयाच्या रोजच्या कामाला ते सोयीचे नव्हते.

मग फ्लेमिंगच्या ग्रंथानंतर शंभर वर्षे उलटल्यावर, १९८३ साली, पुन्हा त्याच कीलमध्ये योहानेस गेर्डेस आणि त्यांचे सहकारी भलत्याच गोष्टीच्या शोधात होते. हॉजकिनच्या आजारातील पेशी ओळखता येतील असे प्रतिपिंड त्यांना हवे होते. त्यांनी त्या पेशींची केंद्रके उंदरांना टोचून प्रतिपिंडे तयार केली, आणि शहाण्णव खळग्यांच्या तबकडीतील सदुसष्टाव्या खळग्यात एक विलक्षण प्रतिपिंड हाती लागले. वाढीच्या फेऱ्यात असलेली पेशी कोठल्याही टप्प्यावर असो, ते तिला चिकटे, आणि विसावलेल्या पेशीला मात्र शिवत नसे. अक्षतांपासून रुखवतापर्यंत सारी लगीनघाई त्याला ओळखता येत होती. कील शहराच्या नावातली पहिली दोन रोमन अक्षरे आणि खळग्याचा क्रमांक यांवरून त्याचे नाव पडले 'की-६७'. आपल्या रुग्णालयांत अक्षरे सुटी उच्चारून त्याला 'के-आय सिक्स्टी सेव्हन' म्हणतात. आरंभी त्याला ताजा, गोठवलेला तुकडा लागे. १९९० नंतरच्या काळात मेणात बसवून जपून ठेवलेल्या तुकड्यांवरही चालणारी प्रतिपिंडे आली. त्या तुकड्यांना आधी उष्णता द्यावी लागते, आणि त्यासाठी प्रयोगशाळांनी चक्क मायक्रोवेव्ह भट्टीचा उपयोग केला. स्वयंपाकघरातल्या वस्तूने अशी विज्ञानाची सेवा करावी, हे गृहिणींना विशेष वाटू नये. त्यांच्या ओट्यावर रसायनशास्त्र रोजच चालते.

रंग दिल्यावर वाढणाऱ्या पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात, बाकीची निळी. जेथे तपकिरी ठिपके सर्वांत दाट, तेथील निदान पाचशे पेशी मोजायच्या आणि शेकडा किती ते लिहायचे. पोटातील न्यूरोएंडोक्राइन जातीच्या गाठींत या आकड्याला फार महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या वर्गीकरणाप्रमाणे शेकडा ३ च्या आत असेल तर पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी, आणि २० च्या वर तिसरी. पहिल्या श्रेणीचा माणूस अनेकदा त्या गाठीसह वर्षानुवर्षे जगतो. तिसऱ्या श्रेणीत धावपळ करावी लागते.

येथे थोडे थांबले पाहिजे. मी पेशाने शिक्षक असल्यामुळे टक्क्यांशी माझा रोजचा संबंध. पस्तीस गुणांना मूल उत्तीर्ण आणि चौतीस गुणांना अनुत्तीर्ण, ही रेघ काही निसर्गाने आखलेली नाही. माणसांनी एकत्र बसून आखली आहे. रेघ नकोच असे मी म्हणणार नाही, कारण रेघेवाचून शाळाही चालत नाही आणि दवाखानाही. पण रेघ आखणाऱ्याने ती आपणच आखली आहे हे विसरता कामा नये. आता असे पाहा: २०१० सालच्या वर्गीकरणात पहिली श्रेणी शेकडा २ पर्यंत होती आणि दुसरी ३ पासून सुरू होत होती. मग ज्याचा आकडा अडीच आला त्याने कोठे जावे? पुढच्या आवृत्तीत '३ च्या आत' असे शब्द घालून ही फट बुजवण्यात आली. तसेच वीसच्या वरच्या साऱ्या गाठी आधी एकाच नावाखाली येत. पुढे ध्यानात आले की तेवढाच आकडा असूनही काहींच्या पेशींनी आपले मूळचे रूप राखलेले असते आणि काहींच्या पेशी ओळखू येणार नाहीत इतक्या विस्कटलेल्या असतात; आणि हे दोन आजार वेगळे आहेत. आकडा एक, रूपे दोन! वर्गात साठ टक्के मिळवणारी दोन मुले शेजारी बसतात, तेव्हा शिक्षकाला हे सांगावे लागत नाही.

आकड्याचे बोलणे कोठे संपते हे तर मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या कर्करोगात फारच स्पष्ट दिसते. तेथे हा आकडा बहुधा मोठाच येतो. पण त्यावरून रोग्याचे पुढे काय होईल हे सांगू पाहणारे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत मोठा आकडा वाईट ठरला, तर काहींत चक्क बरा. तेथे अधिक विश्वासाचा ठरतो तो जुनाच प्रश्न, जो लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली विचारला होता: गाठ आतड्याच्या भिंतीत कोठवर गेली आहे, भिंत ओलांडून बाहेर पडली आहे काय, लसिकाग्रंथींपर्यंत पोचली आहे काय? किती वेगाने, यापेक्षा कोठवर, हा प्रश्न तेथे मोठा. आपल्या जुन्या लोकांनी वाढीपेक्षा मर्यादेला जास्त मान दिला, त्याची मला येथे आठवण होते. घरातले कर्तेपण वाढले म्हणून कोणाचे बिघडत नाही. त्या कर्तेपणाने शेजाऱ्याची भिंत पाडली म्हणजे बिघडते.

याहून चमत्कारिक गोष्ट औषधांची. वाढणाऱ्या पेशींवर घाव घालणारी औषधे वेगाने वाढणाऱ्या गाठीवर अधिक लागू पडतात. याच औषधांनी केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात, कारण केसांच्या मुळांतील आणि आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही वाढतच असतात, आणि औषधाला दोघींतला फरक कळत नाही. नॉर्डिक देशांतील डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पोटातील तीव्र न्यूरोएंडोक्राइन कर्करोग पाहिले. ज्यांचा आकडा शेकडा ५५ च्या खाली होता त्यांच्यावर प्लॅटिनमयुक्त औषधांचा परिणाम कमी झाला, तरी ती माणसे अधिक काळ जगली. ज्यांचा आकडा त्याहून मोठा होता त्यांच्या गाठी औषधाने अधिक प्रमाणात आकसल्या, पण आयुष्य थोडे ठरले. मग कोणता आकडा चांगला म्हणावा? 'की' हा मराठीत संशयाचाही शब्द आहे: हे की ते? त्या प्रतिपिंडाला हे नाव पडले तेव्हा कोणाला मराठी येत नसेल, पण नाव चपखल बसले आहे खरे.

एवढे सारे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग मोजायचेच कशाला? जे व्हायचे ते सटवाईने पाचवी-सहावीच्या रात्री कपाळावर लिहून ठेवलेले आहे. आता प्रयोगशाळेतली नवी सटवाई आणखी एक आकडा लिहिते इतकेच. हा आक्षेप मला हलका वाटत नाही, कारण पुष्कळ घरांत तो अहवाल ललाटरेषेसारखाच वाचला जातो. पण या दोन लिखाणांत तीन मोठे भेद आहेत. सटवाईचे अक्षर कोणाला वाचता येत नाही. प्रयोगशाळेचे वाचता येते, आणि शंका आली तर दुसऱ्याकडून तपासून घेता येते. सटवाई एकेकट्याचे लिहिते. प्रयोगशाळेचा आकडा तशाच गाठीच्या अनेक माणसांचे काय झाले ते सांगतो, आणि या एका माणसाचे काय होईल याबद्दल केवळ संभव सुचवतो. तिसरा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सटवाईचे लिखाण बदलायचे नसते. हा आकडा मात्र काहीतरी बदलता यावे म्हणूनच लिहिलेला असतो. शेकडा २ आल्यावर डॉक्टर कठोर औषधांचा मारा टाळतात, शेकडा ६० आल्यावर वेळ दवडत नाहीत. मोजल्यामुळे एकाला विनाकारण यातना होत नाहीत, दुसऱ्याला विनाकारण उशीर होत नाही. ज्या मोजणीने पुढचे पाऊल बदलते ती मोजणी म्हणजे दयेचाच एक प्रकार आहे, मग ती दिसायला कितीही कोरडी असो.

मात्र मोजणीला दुसरेही तोंड आहे. याच गाठींना १९०७ साली म्युनिकच्या सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगासारख्या पण कर्करोग नव्हेत, असे नाव दिले. त्यांच्या मते त्या निरुपद्रवी होत्या. पुढे अनुभव वाढला तसे १९२९ साली त्यांनी स्वतःच लिहिले की यांतल्या काही घातकही होतात. दिलेली श्रेणी पुराव्यापुढे बदलायची तयारी असलेला हा माणूस. पण १९३३ साली जर्मनीत जी राजवट आली तिने माणसांच्याच श्रेण्या लावल्या, आणि त्या पुराव्याने बदलणाऱ्या नव्हत्या. ओबर्नडॉर्फर जन्माने ज्यू. तेवढ्यावर त्यांना आपले पद सोडावे लागले. ते इस्तंबूलला गेले, तेथे त्यांनी विद्यार्थी घडवले, आणि १९४४ साली तेथेच त्यांचा अंत झाला. गाठीची श्रेणी लावणे हे शास्त्र. माणसाची श्रेणी लावून त्याचे उरलेले आयुष्य आपणच ठरवून टाकणे हा अन्याय. पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरायला वेळ लागत नाही, आणि ही घसरण राजवाड्यांत होते तशी दिवाणखान्यांतही होते.

आणि येथेच आतल्या खोलीत बसलेल्या अप्पांचा प्रश्न येतो. त्यांच्यापासून आकडा लपवणारी मुले दुष्ट नसतात. त्यांचे प्रेम खोटे नसते. पण लपवताना ती नकळत वडिलांची श्रेणी लावून मोकळी होतात: यांना हे पेलणार नाही, यांनी आता काही ठरवायचे नाही, यांच्या वाटचे आम्ही ठरवू. ज्या माणसाने घर बांधले, मुलींची लग्ने केली, दुष्काळात धान्य पुरवून खाल्ले, त्याला स्वतःच्या पोटातले दोन अंक पेलणार नाहीत असे आपण कशावरून ठरवतो? बहुधा पेलत नाहीत ते आपल्यालाच. आणि अप्पांना तर फोनवरची कुजबुज ऐकून सारे कळलेलेही असते. मग दोन्ही बाजूंनी नाटक सुरू होते, आणि ज्या दिवसांत मनमोकळे बोलावे ते दिवस एकमेकांची समजूत काढण्यात जातात.

अर्थात सांगणे म्हणजे आकडा तोंडावर फेकणे नव्हे. "सत्तर टक्के आहे" एवढेच सांगणे हे अर्धे असत्य आहे, कारण ऐकणारा ते सत्तर टक्के मरण समजतो. कशाचे सत्तर टक्के, कोठल्या जातीच्या गाठीत, पसरली आहे की नाही, औषध कोणते, त्याने काय साधेल आणि काय सोसावे लागेल, एवढे सोबत आले तरच तो आकडा सांगितला असे होते. आणि ऐकणाऱ्याने हात वर करून "पुरे, बाकीचे उद्या" म्हटले तर तेथे थांबायचे. नको म्हणण्याचा अधिकारही त्याचाच आहे; तो त्याच्या वतीने आपण बजावायचा नाही. २०१८ साली इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्याचे स्वतःच जाहीर केले. मधल्या काळात त्यांनी एक चित्रपट पुरा केला, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबईत ते गेले. आजाराचे नाव माहीत असल्याने आयुष्य लांबले असे मी म्हणत नाही. उरलेले दिवस कोठे खर्चायचे हे मात्र ज्याचे दिवस त्याला ठरवता आले.

कधी कधी मला त्या अनोळखी माणसाचा विचार येतो, जो कोठल्याशा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकून पाचशे ठिपके मोजत असतो. नुसत्या नजरेने अंदाज बांधता येतो, पण अंदाज चुकतो म्हणून काही जण चित्र कागदावर छापून घेतात आणि एकेका केंद्रकावर पेनाने खूण करीत जातात. तपकिरी, निळे, निळे, तपकिरी. ज्याच्या पोटातला तो तुकडा त्याला या माणसाने कधी पाहिलेले नसते, आणि बहुधा पाहणारही नसतो. तरीही दोनशे झाल्यावर कंटाळून तो उठत नाही. पाचशे पुरे करतो. आपल्यापैकी बहुतेकांना ते मोजण्याचे काम कधी करावे लागणार नाही. आपल्या वाट्याला त्या पुढचे काम येते: तो कागद हातात घेऊन आतल्या खोलीत जायचे, दिवा लावायचा, अप्पांच्या जवळ बसायचे, आणि त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला, पाचशेव्याही, घाई न करता उत्तर द्यायचे.